बेरीज बरोबर, हिशेब चूक

जुन्या पेढीवरच्या वहीत चूक झाली, की ती लपत नसे. खोडलेला आकडा, त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेला दुसरा आकडा आणि समासात दिवाणजींची सही. वही चाळणाऱ्याला कळायचे, की इथे कोणीतरी अडखळले होते. आता सोसायटीचा जमाखर्च, बचत गटाची वर्गणी, शाळेचा निकाल, मुलीच्या लग्नाचे अंदाजपत्रक, सगळे एक्सेलच्या कोष्टकात असते. खाडाखोड नाही, गिचमीड नाही. आकडे एका रेषेत उभे आणि तळाशी ठळक अक्षरांत बेरीज. हा नीटनेटकेपणाच मला धोक्याचा वाटतो.

संगणकावरचे हे हिशेबाचे कोष्टक फार जुने नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांचे 'व्हिसिकॅल्क' १९७९ साली बाजारात आले, एक्सेल १९८५ साली. कल्पना साधी. उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन. काही चौकोनांत आकडे आणि काहींत सूत्रे, म्हणजे फॉर्म्युले. 'बी २ पासून बी ४५ पर्यंतची बेरीज कर' असे एकदा सांगून ठेवले, की वरचा कोणताही आकडा बदलला तरी बेरीज आपोआप बदलते. ज्याने आयुष्यभर आडवे-उभे आकडे पुन:पुन्हा मांडले, त्यालाच यातले सुख कळेल.

सूत्र बिनसले, की कधीकधी एक्सेल स्वत:च ओरडते. चौकोनात 'डिव्ह झीरो' उमटले, तर समजावे की शून्याने भागायला सांगितले आहे. 'व्हॅल्यू' म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरे आली. 'रेफ' म्हणजे सूत्राने ज्या चौकोनाकडे बोट दाखवले होते, तो कोणीतरी पुसून टाकला. आणि नुसती हॅशची रांग दिसली, तर बहुतेक वेळा रकाना अरुंद झाला आहे, बाकी काही नाही. नवशिके या शब्दांना घाबरतात. माझे मत उलट आहे. या चुका सज्जन आहेत. दार वाजवून येतात. त्या दिसू नयेत म्हणून 'इफएरर' नावाचे सूत्र वापरून त्यांच्या जागी शून्य किंवा कोरा चौकोन दाखवण्याची एक पद्धत कार्यालयांतून फोफावली आहे. कारण समजून ती वापरली तर ठीक. पण नुसते कोष्टक देखणे दिसावे म्हणून वापरणे म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून तिची तार तोडणे.

खरा घात करते ती न बोलणारी चूक.

माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत वार्षिक सभेला हिशेब मांडला गेला. कोष्टकाप्रमाणे शिल्लक जितकी हवी होती, त्यापेक्षा बँकेच्या पासबुकात ३८,४०० रुपये कमी. खजिनदारबाई गेली काही वर्षे बिनपगारी हे काम करत होत्या. सभेत कोणी उघड बोलले नाही, पण जिन्यात बोलणे सुरू झाले. 'संगणकाने केलेली बेरीज आहे, ती कशी चुकेल?' या एका वाक्यात बाईंच्या सचोटीचा निकाल लागल्यासारखाच होता.

सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका मात्र छापील कागद घेऊन घरी गेले. फरकाला त्यांनी आधी नऊने भागून पाहिले. (दोन अंकांची अदलाबदल झाली, ५,४३० चे ५,३४० लिहिले गेले, तर फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो. बँकेतली जुनी माणसे हे पाठच म्हणतात.) भाग जाईना. मग फरकाच्या निम्मी, १९,२०० ची रक्कम शोधली. जमेची रक्कम चुकून खर्चात गेली असेल तर फरक दुप्पट पडतो. तीही नव्हती. शेवटी पेन्सिलीने खर्चाचा रकाना वरपासून खालपर्यंत स्वत: मिळवला आणि बेरीज छापलेल्या बेरजेपेक्षा ३८,४०० नी जास्त आली. सूत्र पंचेचाळिसाव्या ओळीला थांबत होते. गच्चीच्या गळतीचे २२,६५० आणि रंगाऱ्याचे १५,७५०, ही दोन बिले नंतर खाली सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या ओळीत लिहिली गेली होती. कागदावर ती दिसत होती, बेरजेत नव्हती. एक्सेलने जेवढे सांगितले तेवढे चोख केले होते.

याच जातीच्या चुकीने एकदा देशोदेशींच्या अर्थकारणापर्यंत मजल मारली. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध लिहिला. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले, की वाढीचा वेग कोसळतो, असा त्याचा रोख. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांना तो आयताच सापडला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून तेच आकडे काढू लागला, ते जुळेनात. त्याने मूळ कोष्टक मागितले आणि त्या दोघांनी दिले. सरासरीचे सूत्र तिसाव्या ओळीपासून चव्वेचाळिसाव्यापर्यंतच होते. हवे होते एकोणपन्नासाव्यापर्यंत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळले होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांच्या मते, जिथे उणे ०.१ टक्का छापले होते तिथे २.२ टक्के हवे होते. न्यायाने सांगायचे तर या फरकातला थोडाच भाग सूत्राचा. बाकीचा कोणती वर्षे घ्यायची आणि कोणाला किती वजन द्यायचे, या वादाचा. सूत्राची चूक मात्र लेखकांनीही मान्य केली. पण मधली तीन वर्षे त्या आकड्याने आपले काम करून घेतले होते.

एक्सेलचा आणखी एक स्वभाव आहे, अतिउत्साहाचा. गट क्रमांक १२ चा हिस्सा ३ म्हणून कोणी '१२/३' लिहिले, की ते त्याचा १२ मार्च करून टाकते. यंत्र अमेरिकी पद्धतीवर लावलेले असेल तर ३ डिसेंबर! जनुकशास्त्रज्ञांनाही याने पिडले. 'मार्च-१' किंवा 'सेप्ट-२' अशा संक्षिप्त नावांच्या जनुकांच्या तारखा होऊ लागल्या, इतक्या, की २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. आपोआप होणारा हा बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली. खाते क्रमांकाआधीची शून्ये गळतात; सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक जपते. रकमेपुढे कोणी हौसेने 'रु.' टाइप केले, की तो आकडा अक्षरांत जमा होतो आणि बेरजेचे सूत्र त्याला चुपचाप ओलांडून जाते. ओळखायची खूण सोपी: आकडे आपणहून उजव्या कडेला टेकतात, अक्षरे डाव्या.

सूत्र खाली ओढताना तर हमखास फसगत होते. व्याजाचा दर एकाच चौकोनात असतो. सूत्र एक ओळ खाली उतरले, की त्याचे बोटही एक चौकोन खाली सरकते आणि रिकाम्या चौकोनावर टेकते. रिकामे म्हणजे शून्य. पहिल्या थकबाकीदाराला व्याज, बाकी सगळ्यांना माफी! दराच्या चौकोनाच्या नावात अक्षरामागे आणि आकड्यामागे डॉलरचे चिन्ह लावले, की ते बोट जागचे हलत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, ताळा. गुणाकार केला तर नवाचा ताळा पाहायचा. उभी बेरीज केली तर आडवीही करायची आणि कोपऱ्यात दोन्ही मिळतात का ते बघायचे. मुद्दा एवढाच, की त्याच उत्तराकडे दुसऱ्या वाटेने जायचे. कोष्टकातही हे सहज होते. उत्तर आधीच ठाऊक असलेले चार सोपे आकडे घालून बघावे. शेवटच्या ओळीत मुद्दाम एक लाख लिहावेत. खालची बेरीज एक लाखाने हलली नाही, तर सूत्र तिथपर्यंत पोचतच नाही. (नंतर ते लाख पुसायला विसरू नये.)

आणि छापील कागदावर समाधान मानू नये. कागदावर उत्तरे छापली जातात, सूत्रे नाहीत. हर्नडनच्या हाती मूळ कोष्टक आले म्हणून तो त्या चव्वेचाळिसाव्या ओळीपर्यंत पोचला. सभेच्या नोटिशीबरोबर सभासदांना मूळ फाइल पाठवायला खर्च काहीच नाही. ती उघडून कंट्रोलचे बटण दाबून धरावे आणि आकड्यांच्या रांगेत एकच्या डावीकडे जी कळ असते ती दाबावी. सगळी उत्तरे बाजूला होऊन त्यांच्या जागी सूत्रे दिसू लागतात. बेरीज कोणत्या ओळीला थांबते, ते तिथे लिहिलेले असते.