सतरंजीच्या बाजूने

पुढच्या शैक्षणिक वर्षी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळातर्फे शास्त्रीय संगीताच्या पाच बैठका व्हायच्या आहेत. फलकावर सूचना लागली त्या दिवसापासून एकच वाद चालू आहे. बैठका ग्रंथालयावरच्या जुन्या हॉलमध्ये घ्यायच्या, की सातशे खुर्च्यांच्या सभागृहात? सभागृहाच्या बाजूने बोलणाऱ्यांत माझ्या कितीतरी मैत्रिणी आहेत, दोन-तीन प्राध्यापकही आहेत. एवढे सभागृह असताना ऐंशी माणसांना सतरंजीवर दाटीवाटीने बसवायचे हा कसला हट्ट, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरीही मी सतरंजीच्या बाजूची आहे, आणि का आहे ते थोडे विस्ताराने सांगणार आहे.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात, त्याचा साधा अर्थ खोलीतले संगीत. हायडनने चार तंतुवाद्यांसाठी साठाहून अधिक रचना केल्या, त्या अशाच खोल्यांसाठी. तिकडे अशा मैफलींचा मोसम जाहीर होतो तेव्हा कोणत्या संध्याकाळी कोणती रचना वाजणार हेही छापलेले असते. आपल्या मंडळातही एकाने निमंत्रणपत्रिकेवर रागांची नावे छापण्याची सूचना केली होती. ती नामंजूर झाली हे बरे झाले. आपला गायक पुष्कळदा तानपुरे लागल्यावर, समोरची माणसे पाहून राग ठरवतो. समोरची माणसे त्याला दिसली पाहिजेत, एवढे तरी त्यावरून मान्य व्हावे. सभागृहात दिवे मालवले की गायकाला पहिल्या रांगेतले पाहुणे तेवढे दिसतात आणि त्यांच्यामागे नुसता काळोख असतो.

पण माझा मुख्य मुद्दा तानपुऱ्याचा आहे. तानपुऱ्याला तारा चार. पहिली बहुधा पंचमाची, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. गंधाराची तार त्यात कुठेच नाही. तरीही तानपुरा नीट जुळला, घोडीवर तारेखालचा दोरा योग्य जागी बसला आणि जवारी उघडली, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागतो. कुणी न छेडलेला, आपोआप उमटणारा. म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार कानाला धरून गायक आपला स्वर लावत असतो. लहान खोलीत शांतपणे बसलेल्या माणसाला, त्याने संगीताची एकही परीक्षा दिलेली नसली तरी, पाच-दहा मिनिटांत तो ऐकू येतो. कर्ण्यांतून येतो तो मात्र सगळ्या तारांचा मिळून एक घोंघाट. त्यात गंधार असतोही, पण तो शोधायला आधी ठाऊक असावा लागतो. आणि आता तर पुष्कळ ठिकाणी तानपुराच नसतो, मोबाईलमधले ॲप असते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. ते वाद्य हाताच्या अंतरावरून ऐकलेले विद्यार्थी आपल्या वर्गात किती निघतील? मला शंका आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपले राग प्रहरांना बांधलेले आहेत, पण आपले कार्यक्रम बांधलेले आहेत संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कडक केली. वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. हा कायदा वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही; गणपतीच्या दिवसांत आमच्या आळीत राहून पाहावे, म्हणजे तो किती कमी पाळला जातो ते कळेल! पण त्याचा फटका गाण्यालाही बसला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. एके काळी तो पहाटेपर्यंत चाले, आणि लोक पहाटेचा ललत ऐकून घरी जात. आज दरबारी, मालकंस घाईघाईने का होईना कानावर पडतात. पण रात्र उतरणीला लागल्यावरचे परज, सोहनी आपल्या वेळी ऐकायला मिळणे दुर्मिळच. तोडी, जौनपुरी, सारंग यांचेही तेच. सकाळ-दुपारी कार्यक्रम ठेवतो कोण?

हा नियम आहे ध्वनिक्षेपकाला. ऐंशी माणसांच्या हॉलमध्ये, माईकशिवाय, रात्री एक वाजता मालकंस गायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पाच बैठकांपैकी एक सकाळी सातला, एक भर दुपारी आणि एक रात्री अकराला सुरू होणारी ठेवावी अशी माझी सूचना आहे. ती सभागृहात अमलात येणार नाही, कारण सभागृहाचा पहारेकरी दहाला कुलूप लावतो.

आता विरुद्ध बाजूचे जे म्हणणे मला खरोखर टोचते, त्याकडे वळते. एका प्राध्यापकांनी मला सुनावले, “बाई, बैठक हे सरदार-सावकारांचे करमणुकीचे साधन. त्या दिवाणखान्यात तुला-मला कोणी बसवून घेतले असते?” हे खरे आहे. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते. तिकडे हायडननेही एस्टरहाझी सरदारांच्या पदरी जवळजवळ तीस वर्षे काढली. गाणाऱ्या स्त्रिया ज्या दिवाणखान्यात बसत, तिथे घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांना मज्जाव असे. त्यांनी आतल्या खोलीतून कान द्यायचा. आणि गाणाऱ्या स्त्रीच्या कलेला जी दाद मिळे, तिचा मान तिच्या वाट्याला माणूस म्हणून येत नसे. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरवली आणि शेकडो चिजा छापून कोणालाही मिळतील अशा केल्या, तेव्हा कुठे हे दार किलकिले झाले. पुढे ते सताड उघडले त्यात माईकचा, रेडिओचा आणि मोठ्या मंडपाचा वाटा आहे. तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

म्हणून खोली लहान असावी, पण तिचे दार कोणाचे हा प्रश्न सोडून चालणार नाही. सभागृहात पहिल्या दोन रांगा देणगीदारांना आणि त्यांच्या पाहुण्यांना जातात आणि गाणे शिकणारी मुले बाल्कनीत बसतात, हे आपण गेल्या स्नेहसंमेलनात पाहिलेच आहे. म्हणजे मंडप मोठा झाल्याने दिवाणखान्याची रीत आपोआप मोडते असेही नाही. हॉलमध्ये राखीव जागा एकही नसावी. ऐंशीपैकी निम्म्या जागा, ज्यांनी आजवर एकही बैठक ऐकलेली नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात, आणि त्या त्यांनी आदल्या दिवशीपर्यंत घेतल्या नाहीत तरच इतरांना द्याव्यात. वसतिगृहातल्या मुलींना रात्रीच्या बैठकीची परवानगी आत्तापासून मागून ठेवावी लागेल. ती मिळाली नाही तर आतल्या खोलीचीच गोष्ट पुन्हा झाली, असे मी समजेन आणि तसे बोलूनही दाखवीन.

पैशाचे सांगायचे तर, ऐंशी माणसांच्या वर्गणीतून नावाजलेला कलावंत येणार नाही हे उघड आहे. न येवो. आपल्या जिल्ह्यात पंधरा-पंधरा वर्षे तालीम घेतलेले गायक-वादक आहेत. शिकवण्या करून ते संसार चालवतात, आणि आपण त्यांना बोलावतो ते शाल, श्रीफळ आणि “महाविद्यालय आपलेच आहे” या वाक्यावर. त्यांना मानधन द्यावे. तबल्याच्या आणि पेटीच्या साथीदारांनाही, तेही त्याच दिवशी. सभागृहाचे ध्वनिक्षेपण आणि रोषणाई यांवर एका संध्याकाळी जे जाते, त्यात अशा दोन बैठका तरी होतील. शंका असेल त्याने मागील वर्षाचा जमाखर्च कार्यालयात जाऊन पाहावा.

जूनमध्ये मंडळाची सभा आहे, तिथे हा विषय निघेल. दरम्यान हॉलमध्ये काही कामे करायला हवीत. खिडकीची दोन तावदाने फुटली आहेत, जिन्यावर दिवा नाही. मंडळाच्या दोन तानपुऱ्यांपैकी एकाची घोडी झिजली आहे, तो सुटीत मिरजेला न्यावा लागेल. मी आणि माझी मैत्रीण नेऊ, गाडीभाडे मंडळाने द्यावे. आणि मधला पंखा फिरताना करकरतो. माईक नसला म्हणजे तो ऐंशीच्या ऐंशी जणांना ऐकू येईल, तेव्हा त्याला तेल आधी द्यावे.