वाटाड्या कुत्रा मंदिरात आला तर?



न्यू जर्सीत लेकीकडे गेलेल्या मैत्रिणीचा परवा फोन आला. तिथल्या मंदिरात चर्चा रंगली होती : अंध व्यक्ती आपला वाटाड्या कुत्रा घेऊन दर्शनाला आली, तर कुत्र्याला आत घ्यायचं का? ती म्हणाली, नको. मी म्हणते, घ्यायचं.

अमेरिकेत दुकानात, बसमध्ये, हॉटेलात अशा कुत्र्याला अडवता येत नाही. धर्मस्थळांना मात्र तिथल्या केंद्रीय कायद्याने सूट दिली आहे, म्हणून हा प्रश्न आपल्यासमोर येतो.

कुत्रा अंध माणसाला पत्ता शोधून देतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. कुठे जायचं, कुठे वळायचं हे माणूसच ठरवतो. कुत्रा पायरीशी थांबतो, खड्डा आणि खांब चुकवून नेतो. सिग्नलचा लाल-हिरवा त्याला कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून माणूस 'चल' म्हणतो. पण गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा हुकूम मोडून जागचा हलत नाही. ही आज्ञा मोडण्याची अक्कल त्याला मुद्दाम शिकवतात! १९२८ साली मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची अशी कुत्री घेऊन अमेरिकेत परतला, आणि पुढच्याच वर्षी तिथे 'द सीइंग आय' ही शाळा सुरू झाली. आज ती न्यू जर्सीतच, मॉरिसटाऊनला आहे.

आता सांगा, अशा माणसाला 'कुत्रा बाहेर बांधून या' म्हणणं म्हणजे काय? परक्या जागी त्याचे डोळेच काढून ठेवायला सांगणं.

सोवळ्याचं काय, असं तुम्ही विचाराल. गाभाऱ्यात आणि अभिषेकाच्या जागी नको, हे मलाही मान्य. पण सभामंडपात? समवसरणात तिर्यंचांनाही जागा होती. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, ही कथा आपण पोरांना कौतुकाने सांगतो. हा तर शिकवलेला, मालकाच्या पायाशी गप्प पडून राहणारा जीव.

उलट खरी काळजी आपल्या दयेची आहे. कुत्रा दिसला की आपला हात बिस्किटाकडे जातो. पट्टा चढवलेला असताना त्याला कुरवाळू नका, प्रसादही देऊ नका. त्याचं लक्ष हटलं तर माणूस पडेल. पट्टाही ओढायचा नाही. त्या व्यक्तीला विचारा, "मदत हवी का?" हो म्हणाली तर आपला कोपर पुढे करा आणि भिंतीकडेची जागा द्या, म्हणजे कुत्र्यावर कुणाचा पाय पडणार नाही.