काड्यापेटीतले विज्ञान

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण होतो. दाबला तरी वाकत नाही. चार जोडल्या की चौकोन होतो आणि तो लगेच कलंडतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना अशाने कळते. विज्ञान खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी हा खेळ घरोघरी नेला. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली आणि ती कशी करायची हे मराठीसह अनेक भाषांत सर्वांसाठी फुकट खुले केले. डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या याच संस्थेत, पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीत हे काम बहरले, ही पुण्याची खरी श्रीमंती.

पण ती पेठांतल्या आणि वस्त्यांतल्या वर्गांपर्यंत किती पोहोचली? राज्याच्या प्राथमिक वर्गांत विज्ञान ‘परिसर अभ्यास’ म्हणून येते. नाव किती सुंदर! प्रत्यक्षात बहुतेक वेळा परिसर पुस्तकातच राहतो आणि मुले प्रश्नोत्तरे उतरवून घेतात. टॅब्लेट आणि स्मार्ट बोर्डवर खर्च करण्याआधी मुलांच्या हातात चुंबक, भिंग आणि काड्या द्यायला हव्यात. शिक्षकांनाही हे प्रयोग स्वतः करून पाहण्यासाठी कामाच्या वेळेतलेच तास मिळायला हवेत. महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळेत आठवड्याची एक दुपार अशा प्रयोगांसाठी राखून ठेवावी आणि येत्या जूनपासूनच सुरुवात करावी.