दापोलीचे पडके चर्च आणि आमचा स्वाभिमान

गेल्या चैत्रात आम्ही दापोलीस गेलो होतो. तेथील इंग्रजी अमदानीतले जुने चर्च व गोऱ्या लोकांचे कबरस्तान पाहावे, ही इच्छा पुष्कळ दिवसांची होती. चर्चचे छप्पर केव्हाच गेले आहे. भिंती तेवढ्या उभ्या आहेत. कबरस्तानात टणटणी माजली असून थडग्यांवरील लेख कोकणच्या पावसाने झिजत चालले आहेत. एका शिळेवरचे नाव आम्ही बोटाने चाचपून वाचू लागलो, तोच बरोबरचे एक सुशिक्षित गृहस्थ उद्गारले, “पडते आहे तर पडू द्या! ही काय आपल्या वाडवडिलांची थडगी आहेत? गुलामगिरीच्या खुणा जितक्या लवकर मातीस मिळतील तितके बरे.”

हे मत त्या गृहस्थांचे एकट्याचे असते, तर आम्ही त्याची वाच्यता केली नसती. परंतु पुष्कळ शहाणी माणसे असेच बोलतात, व या बोलण्यास स्वाभिमान हे भारदस्त नाव देतात. म्हणून त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

खूण पुसली म्हणून घडलेली गोष्ट पुसली जात नाही. 1818 साली पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकणासाठी इंग्रजांनी दापोलीस लष्कराचा तळ घातला. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्याचीच साक्ष देते. त्या काळाचा हा दगडी कागद आहे. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शत्रूच्या हातचा कागद सापडला म्हणून तो चुलीत घालावा, असे त्यांच्या मनातही आले नसते. मग दगडाच्या बाबतीत आम्ही असे उदार का व्हावे?

दुसरे असे की, परक्या भूमीत पडलेल्या मृताचे दुःख आम्हांस ठाऊक नाही काय? बहादुरशहा जफर 1862 साली रंगूनात वारला. त्याच्या कबरीची नेमकी जागा कोणास सांगता येईना. 1991 साली खोदकामात ती सापडली, तेव्हा सर्वांस समाधान वाटले. उलट ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1916 साली आमच्या रत्नागिरीत वारला व त्याची समाधी येथेच आहे. परक्याच्या हाडांची राखण ही ज्याच्या भूमीत ती पडली त्याची जबाबदारी होय.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. दापोलीचा तळ एकट्या गोऱ्यांचा नव्हता. तेथे आमचे शिपाई होते. पुढे निवृत्त महार शिपायांची वस्तीही तेथे झाली. 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर येथेच राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही पेन्शन घेतल्यावर कुटुंबासह काही काळ दापोलीस होते. या दोघांची नावे राहिली. बाकीच्यांच्या नावाचा एक दगड तरी कोठे आहे? जिवंतपणी ज्यांची सावली आम्हांस सोसली नाही, त्यांच्या मरणाची नोंद आम्ही कोठून ठेवणार!

इंग्रजांचे फारसे अडणार नाही. हिंदुस्थानातील व आसपासच्या देशांतील युरोपियन कबरस्तानांची दखल घेण्यासाठी त्यांनी 1976 साली संस्थाच काढली. त्यांच्या मृतांस वाली आहे. चर्च व कबरस्तान भुईसपाट झाल्यास बुडेल ते आमचे. कारण येथे पलटण होती व तीत आमचीच माणसे होती, हे डोळ्यांनी दाखविण्याची जागा नाहीशी होईल. “आपल्या वाडवडिलांची आहेत काय?” या प्रश्नाचे उत्तर हेच.

आमची मागणी लाखांच्या जीर्णोद्धाराची नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी दापोलीच्या शिक्षकांनी चार विद्यार्थी बरोबर घ्यावेत, रान साफ करावे व वाचता येईल ते अक्षर वहीत उतरून घ्यावे. मग तीच वही घेऊन जुन्या पेन्शनरांच्या घरी जावे आणि तेथील वृद्धांच्या तोंडून त्यांच्या आजा-पणजांची नावे लिहून आणावीत. वही एकच असावी, एवढा मात्र आमचा आग्रह आहे.