उपरोधाची धार कोणावर?

विनोद हे लढ्याचे शस्त्र आहे, असे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो; ते चालते कसे, याचा विचार क्वचितच करतो. १७२९ साली जोनाथन स्विफ्ट यांनी आयर्लंडच्या दारिद्र्यावर तोडगा सुचविला : गरिबांची वर्षभराची एक लाख मुले श्रीमंतांच्या भोजनासाठी विकावीत. निबंधात आक्रोश नाही. आहे तो थंड हिशेब. वजन किती, भाव किती, लाभ कोणाचा. माणसांना आकड्यांत मोजणाऱ्यांची भाषा उसनी घेऊन त्यांनी ती शेवटच्या टोकाला नेली.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मध्येही सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या रूढींची पाठराखण इतक्या निष्ठेने करतात की, अखेर रूढीच हास्यास्पद ठरतात. व्याजस्तुतीचे सामर्थ्य ते हेच.

आपल्या सभांतून मात्र प्रतिपक्षाच्या रूपाची, बोलीची, क्वचित जातीचीही टवाळी होते. हशा पिकतो, पण सत्तेच्या केसालाही धक्का लागत नाही. दुखावला जातो तो त्याच रूपाचा, त्याच बोलीचा, श्रोत्यांतच बसलेला सामान्य माणूस. तेव्हा बोलण्यास उभे राहण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःस विचारावे : या हशाने झोप कोणाची उडणार आहे?