नमुनासूत्रे आणि परक्याचा मजकूर

मजकुरातून विशिष्ट घडणीचे शब्द वा अंक शोधण्यासाठी संगणकाला जी सूत्रे दिली जातात, त्यांस रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आपण त्यांना नमुनासूत्रे म्हणू. हे साधन उपयुक्त आहे, परंतु ते निरुपद्रवी आहे ही समजूत मात्र चुकीची आहे.

धोका दोन वाटांनी येतो. परक्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा सूत्रात गोवला, तर तो मजकूर न राहता आज्ञा बनतो. पूर्णविरामाचे टिंब लेखनात वाक्याचा शेवट दाखविते. सूत्रात मात्र त्याचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. दुसरी वाट अधिक फसवी आहे. सूत्र आपलेच असते, पण ते सैल असते. ‘क’ची पुनरुक्ती आणि त्या पुनरुक्तीचीही पुनरुक्ती, असे सूत्र घ्या. तीस ‘क’ आणि शेवटी एक ‘ख’ त्याच्यापुढे ठेवल्यास त्या तीस अक्षरांचे गट ५३ कोटींहून अधिक प्रकारांनी पाडता येतात. चुकताच मागे वळून नवी वाट धरणारे यंत्र त्या साऱ्या वाटा तुडवीत बसते. आणि एक ‘क’ वाढविला की श्रम दुप्पट होतात.

ही केवळ कल्पना नव्हे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. कडेच्या रिकाम्या जागा छाटणाऱ्या एका साध्या सूत्रापुढे सुमारे २०,००० सलग रिकाम्या जागा आल्या, पण त्यांच्यानंतर आणखी एक अक्षर होते. प्रत्येक जागेपासून नव्याने आरंभ करता करता तुलनांची संख्या सुमारे २० कोटींवर गेली.

उपाय दुर्लभ नाहीत. परक्याच्या मजकुरातील सांकेतिक चिन्हे आधी निष्प्रभ करावीत. मजकुराच्या लांबीला व यंत्राच्या वेळेला मर्यादा घालावी. पुनरुक्तीत पुनरुक्ती टाळावी. केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेणारी शोधपद्धती प्रसिद्ध केली होती. तिच्यात सूत्र ठरलेले असले, तर श्रम मजकुराच्या लांबीच्याच प्रमाणात वाढतात. तिच्यायोगे काही सोयी सोडाव्या लागतात, हे खरे. तथापि सार्वजनिक सेवेत ती किंमत रास्त होय.

‘आमचे ग्राहक सज्जन आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. रिकाम्या जागांना हेतू नसतो. दाराला कडी लावणे हे पाहुण्याचे नव्हे, घरधन्याचे काम आहे. तद्वत सूत्राची जबाबदारी ते लिहिणाऱ्यानेच वाहिली पाहिजे.