कुणीही न वाचलेला रकाना

वाचकांच्या पत्रांत या महिन्यात एकच रडगाणं आहे. कोअर वेगळे राखलेत, 'नोएचझेड_फुल' लावलंय, तरी मधूनच लेटन्सी उसळते. ट्रेस काढला की आयपीआय दिसतो आणि पाठवणारा निघतो आपल्याच घरचा ड्रायव्हर. ज्यांनी कोड पाठवायची तसदी घेतली त्यांच्याकडे एक गोष्ट हटकून सापडली: 'ऑन_ईच_सीपीयू'वर चढवलेला चार आर्ग्युमेंटांचा घरगुती रॅपर.

चार! मुख्य कर्नलमधून त्यातलं एक 2008 सालीच हद्दपार झालं. त्याआधी आर्किटेक्चरगणिक 'एसएमपी_कॉल_फंक्शन'चा संसार वेगळा होता. येन्स आक्सबो यांनी तो 'कर्नल/एसएमपी.सी'मध्ये सामाईक केला आणि त्याच झाडलोटीत हे आर्ग्युमेंटही काढलं. 2.6.27 मध्ये हे सगळं आलं. त्याला कुठं 'रीट्राय' म्हणत, कुठं 'नॉनअ‍ॅटॉमिक'. वापरत मात्र कुणीच नव्हतं. सरकारी अर्जातला रकानाच तो: भरला नाही तर अर्ज परत, भरला तर बघणारा कुणी नाही.

बरं, निरुपद्रवी म्हणावा तर तसंही नाही. 'रीट्राय' आणि 'वेट' शेजारी-शेजारी, दोन्ही इंट. अदलाबदल झाली तरी कम्पायलर हूं की चूं करत नाही. एका पत्रातला कोड नेमका असाच आहे. 'वेट'चा 1 पडलाय 'रीट्राय'च्या जागी, 'वेट'ला गेलंय शून्य आणि 'इन्फो' दाखवतोय लोकल स्ट्रक्टकडे. पाठवणारं फंक्शन न थांबता परतलं, स्टॅकची ती जागा दुसऱ्याच्या वापरात गेली आणि पलीकडचा कोअर तिथं वाचायला आला. अधूनमधून पॅनिक व्हायचं. 'हार्डवेअरचा दोष' असा शेरा मारून तिकीट बंद!

पॅच दिला तर उत्तर काय? 'यात फीचर कुठंय? चालतंय ना, मग हात लावू नका.' एका टीमनं तर इंटरप्ट बंद ठेवून आयपीआयची वाट पाहू नका, हा कर्नलचा इशाराच आपल्या प्रतीतून काढून टाकला. लॉग स्वच्छ झाला, डेडलॉक जागच्या जागी. असल्या लीडना रिव्ह्यूचा अधिकार कोण देतं?

तेव्हा आता पत्रं पुरे. ग्रेप लावा, पण रॅपरच्या नावानं. 'ऑन_ईच_सीपीयू' शोधाल तर एकच ओळ मिळेल आणि सगळं आलबेल वाटेल. रॅपर उडवा, सगळे कॉल एकाच पॅचमध्ये बदला. प्रत्येक कॉलपाशी थांबून विचारा, हे काम सगळ्या कोअरना कशाला? मास्कवाला आणि अटीवाला असे दोन्ही प्रकार 2012 पासून कर्नलमध्ये आहेत. 6.4 किंवा त्यापुढचा कर्नल असेल तर आयपीआय कुणी, कुठून धाडला हेही ट्रेसमध्ये उमटतं. सबबीला जागा नाही.

पुढच्या अंकासाठी आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही ट्रेस पाठवा. कंपनीचं नाव खोडून पाठवलंत तरी छापू.